ब्राँक्सचे शाहीर आणि आपली कलापथके

तालुक्याच्या बैठकीत सांस्कृतिक आघाडीचा विषय निघाला की हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते. तरुण पोरे पोवाडा ऐकत नाहीत, कलापथकाच्या तालमीकडे फिरकत नाहीत. कानांत यंत्र खुपसून रॅप नावाची अमेरिकन बडबड ऐकत बसतात आणि तसेच हातवारे करीत हिंडतात. हा सांस्कृतिक साम्राज्यवादाचा नवा हल्ला आहे, असा निष्कर्ष काढून बैठक पुढच्या विषयाकडे वळते. इगतपुरीसारख्या गावात ही तक्रार अधिक कळकळीने होते, कारण मुंबईत जे जे निघेल ते कसाऱ्याचा घाट चढून घाटमाथ्यावर सर्वांत आधी येथेच पोहोचते.

या तक्रारीत तथ्याचा काही अंश आहे आणि त्याचा विचार पुढे करू. परंतु निष्कर्ष मात्र अर्धवट माहितीवर आधारलेला आहे. ज्या कलेला आपण साम्राज्याचे हत्यार समजतो, ती त्या साम्राज्याने उकिरड्यावर टाकलेल्या माणसांनी निर्माण केली. १९७३ पासूनचे तिचे पहिले दशक, ज्याला तिचे जाणकार आज 'ओल्ड स्कूल' म्हणजे जुने घराणे म्हणतात, कार्यकर्त्याने नीट समजून घेतले तर त्यात त्याला आपल्याच जलशांचा आणि कलापथकांचा इतिहास दिसेल. त्या कलेचा कस कशात होता, ती वस्तीच्या हातून कशी निसटली आणि आज आपल्या दारात ती मराठी बोलू लागली असता आपण काय करावे, हे तीन प्रश्न म्हणूनच आपले आहेत.

रस्त्याने चिरलेली वस्ती

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेचा ब्राँक्स हा भाग कामगारांचा. १९४८ मध्ये रॉबर्ट मोझेस या सर्वसत्ताधीश नियोजनकाराने त्याच्या पोटातून क्रॉस-ब्राँक्स द्रुतगती मार्ग काढण्यास सुरुवात केली. मोटारी जलद जाव्यात म्हणून हजारो कुटुंबांची घरे पाडली गेली. ज्यांना शक्य होते ते गोरे रहिवासी उपनगरांत निघून गेले. मागे राहिले ते काळे, प्वेर्तो रिकोचे आणि कॅरिबियन बेटांवरून आलेले गरीब. कारखाने हलले, घरांच्या किमती कोसळल्या आणि भाड्यापेक्षा विम्याची रक्कम मोठी आहे असे दिसताच घरमालकांनीच इमारती पेटवून देण्याचे सत्र सुरू झाले. १९७५ मध्ये शहराचे दिवाळे निघण्याची वेळ आली तेव्हा काटकसरीच्या नावाखाली कुऱ्हाड पडली ती अग्निशामक दलावर, दवाखान्यांवर आणि शाळांतील संगीत शिक्षणावर. १९७० ते १९८० या दहा वर्षांत दक्षिण ब्राँक्सच्या काही विभागांतील निम्म्याहून अधिक इमारती नष्ट झाल्या. त्या जळाल्या किंवा ओस पडल्या, पण कोणत्याही युद्धाशिवाय.

इगतपुरीच्या वाचकाला या चित्रातील सर्वच रेषा परक्या वाटणार नाहीत. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे वर चढली तेव्हापासून हे गाव दुसऱ्यांच्या वाहतुकीसाठी जगत आले आहे. भोवतीच्या डोंगरातील अप्पर वैतरणेचे पाणी मुंबई पिते आणि उन्हाळ्यात याच डोंगरातील वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. घाटाखालून सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा गेला. इगतपुरी म्हणजे ब्राँक्स असे कोणी म्हणणार नाही. ते अतिशयोक्त होईल. परंतु मोठ्या शहराच्या सोयीसाठी ज्यांच्या अंगणातून रस्ते आणि नळ जातात, त्या माणसांना स्वतःचा आवाज ऐकू येण्यासाठी काय करावे लागते, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

तोडक्या साधनांचे वाद्य

११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधील १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या भाड्याच्या इमारतीच्या तळमजल्यावरील खोलीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने एक मेळावा भरविला. शाळा सुरू होणार होती आणि नव्या कपड्यांसाठी पैसे हवे होते. प्रवेशमूल्य मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. गाणी वाजविण्याचे काम तिच्या भावाकडे होते. त्याचे नाव क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजेच डीजे कूल हर्क. हे कुटुंब जमैकाच्या किंग्स्टनहून आलेले. तेथे मोठाले कर्णे आणि तबकड्या घेऊन रस्त्यावर गाणी वाजविण्याची, आणि वाजविणाऱ्याने मध्येच लयीत बोलण्याची गरिबांची रीत होती. ती हर्कच्या कानात होती.

हर्कने काय केले हे समजून घेण्यासारखे आहे. नाचणारी मुले तबकडीतील एका ठराविक जागेची वाट पाहतात, हे त्याने हेरले होते. गायक थांबतो, बाकीची वाद्ये गळतात आणि फक्त ढोल व ताल उरतो, ती ही जागा. ती काही सेकंदांची असे. हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरचा तालाचा तुकडा संपत आला की दुसरीवर तोच तुकडा सुरू करायचा आणि तोवर पहिली मागे फिरवायची. काही सेकंदांची जागा याप्रमाणे कितीही लांबविता येऊ लागली. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅशने हे काम घड्याळजीच्या अचूकतेने करण्याचे तंत्र बसविले.

ज्या शाळांतून वाद्ये काढून घेण्यात आली त्याच वस्तीतील पोरांनी दुसऱ्यांची गाणी वाजविण्याच्या यंत्रालाच वाद्य केले, हा या घटनेचा अर्थ आहे. ग्राहकाने उत्पादकाचे यंत्र हाती घेऊन त्यातून नवे उत्पादन केले. मैदानात कार्यक्रम करायचा तर वीज रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावरून घेतली जाई. आपल्याकडे ज्याला आकडा टाकणे म्हणतात तेच हे.

आपल्याकडे 'डीजे' या शब्दाला वेगळाच अर्थ चिकटला आहे. मिरवणुकीत भाड्याने आणलेली कर्ण्यांची भिंत म्हणजे डीजे. तिच्यापुढे माणसाला शेजाऱ्याचे बोलणेही ऐकू येत नाही. ब्राँक्सच्या डीजेचे काम याच्या उलट होते. त्याने तालाची जागा मोकळी केली ती माणसाला बोलता यावे म्हणून. त्या मोकळ्या जागेत प्रथम कोणी ओळखीच्यांची नावे पुकारली, कोणी हाळी दिली आणि गर्दीने प्रतिसाद दिला. मग हळूहळू यमके जुळली, कडवी झाली आणि बोलणारा हा स्वतंत्र कलावंत ठरला. डफ, तुणतुणे आणि झीलकऱ्यांचा 'जीजी' यांच्या आधाराने उभ्या राहणाऱ्या शाहिराशी त्याचे नाते सांगण्यास पांडित्य लागत नाही. दोन गट समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या शब्दांचा पाडाव करू लागले, तेव्हा तर कलगी-तुऱ्याचा फडच तेथे लागला. १९८४ मध्ये रोक्सान शांते या चौदा वर्षांच्या मुलीने पुरुषांच्या गाण्याला रोखठोक उत्तर देणारे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि त्यावर उत्तर-प्रत्युत्तरांची मालिका सुरू झाली. सवाल-जवाब याहून निराळा काय असतो?

याच सुमारास जमिनीवर अंग फिरवीत नाचण्याची कला आणि रंगाच्या फवाऱ्याने भिंतीवर नाव लिहिण्याची कला या गाण्याला येऊन मिळाल्या. रेल्वेच्या गावाला यातील दुसरी विशेष कळावी. ब्राँक्सच्या यार्डात रात्री रंगविलेला डबा सकाळी साऱ्या शहरातून फिरे आणि ज्या मुलाला शहर ओळखत नव्हते त्याचे नाव धनिकांच्या स्थानकांवर जाऊन उभे राही. चुना आणि गेरू घेऊन रात्री भिंती रंगविलेल्या कार्यकर्त्याला यातील गंमत आणि धोका दोन्ही ठाऊक आहेत. शहराने १९८९ मध्ये रंगविलेला शेवटचा डबा सेवेतून काढून आपला विजय जाहीर केला. त्याच शहरात जळालेली घरे बांधून काढण्याची घाई मात्र अशी कधी दिसली नाही.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. हे सारे घडू शकले ते टोळीयुद्ध थांबले म्हणून. डिसेंबर १९७१ मध्ये भांडण मिटविण्यास गेलेल्या एका तरुणाचा खून झाला. सूड न घेता त्याच्या सहकाऱ्यांनी ८ डिसेंबरला ब्राँक्सच्या टोळ्यांना एकत्र बोलावून तह घडवून आणला. त्यानंतर एका टोळीच्या गल्लीतून दुसऱ्या टोळीच्या मुलाला चालत जाणे शक्य झाले. कलेच्या आधी संघटना आली होती, हे सांस्कृतिक आघाडीला दुय्यम समजणाऱ्यांनी आणि संघटनेला कंटाळलेल्या कलावंतांनी सारखेच ध्यानात ठेवावे.

चोरलेल्या कडव्यातील मुद्रा

पहिली सहा वर्षे ही कला कोणाच्या मालकीची नव्हती. १९७९ मध्ये न्यू जर्सीतील शुगर हिल या कंपनीने तीन मुलांना एकत्र करून 'रॅपर्स डिलाइट' ही तबकडी काढली. अमेरिकेतील पहिल्या चाळीस गाण्यांत पोहोचलेले ते पहिले रॅप. त्यातील तिघांपैकी एकाने म्हटलेली कडवी ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझ या कवीची होती. ती इतक्या निष्काळजीपणे उचलली गेली की मूळ कवीने आपल्या टोपणनावाची अक्षरे जेथे गुंफली होती ती जागाही तशीच राहिली. आपल्या शाहिरीत शेवटच्या चौकात कवीची मुद्रा असते. येथे मुद्रा शाबूत राहिली आणि कवी मात्र गडप झाला; त्याला ना श्रेय मिळाले ना पैसे. भांडवलाच्या व्यवहाराचे याहून नेमके उदाहरण शोधून सापडणार नाही.

पुढचा क्रम आपल्या परिचयाचा आहे. १९८२ मध्ये 'द मेसेज' हे गाणे आले. घाण, बेकारी, थकलेली कर्जे आणि तुरुंगात संपणारे तारुण्य यांचा रोखठोक पाढा वाचणारे हे गाणे या घराण्याचा मानदंड ठरले. तबकडीवर नाव होते ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांचे. परंतु ते मुख्यतः ड्यूक बूटी आणि मेली मेल यांनी रचले आणि म्हटले होते. पुढच्याच वर्षी मानधनासाठी फ्लॅशला त्याच कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले. १९८६ मध्ये रन-डीएमसी या गटाने आपल्या बुटांवर गाणे केले आणि बूट बनविणाऱ्या आदिदास कंपनीने त्यांच्याशी करार केला. वस्तीची खूण म्हणून घातलेला बूट त्या दिवसापासून वस्तीला विकण्याचा माल झाला. सोन्याच्या साखळ्या, मोटारी आणि पैशाचा माज ही जी रॅपची ओळख आपल्या बैठकीत सांगितली जाते, ती मुख्यतः या व्यापारानंतरची आहे.

ज्याच्या खोलीतून हे सारे निघाले त्याचे काय झाले? २००७ मध्ये १५२०, सेजविकच्या मालकाने ती इमारत नियंत्रित भाड्याच्या सरकारी योजनेतून बाहेर काढण्याचा घाट घातला. भाडेकरूंनी लढा दिला आणि कूल हर्क त्यांच्याबरोबर उभा राहिला. २०११ मध्ये तो आजारी पडला तेव्हा त्याच्याकडे आरोग्य विमा नव्हता, ही बातमी जगभर गेली. ज्या कलेवर मोठा उद्योग उभा राहिला, तिच्या जनकाला इस्पितळाचे बिल परवडत नव्हते. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावच्या घरात विपन्नावस्थेत गेलेल्या अण्णाभाऊ साठ्यांची आठवण ज्याला येथे होणार नाही त्याने आपली शाहिरी वाचलीच नाही, असे म्हणावे लागेल.

परके काय आणि आपले काय

आता 'परके' या आक्षेपाकडे वळू. महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला तो १८७३ मध्ये, म्हणजे हर्कच्या मेळाव्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी. त्या मेळाव्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, मुंबईच्या दलित तरुणांनी आपल्या संघटनेचे नाव घेतले ते काळ्या अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून. तेव्हा काळ्यांच्या दुःखाशी आणि विद्रोहाशी महाराष्ट्राचे नाते नवे नाही. तेथून आलेला ताल तेवढा परका का ठरावा?

दुसरा आक्षेप अभिरुचीचा. हे गाणे असभ्य आहे, त्यात शिव्या आहेत, स्त्रियांविषयी हीन उद्गार आहेत. यातील तथ्य नाकारण्याचे कारण नाही. स्त्रीला वस्तू मानणारे गाणे कोणत्याही तालात म्हटले तरी प्रतिगामीच. परंतु तमाशाविषयी सभ्य समाजाचे मत काय होते? सत्यशोधकांनी आपला जलसा उभारला तो त्याच तमाशाच्या सांगाड्यावर. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाच्या त्या काळात याच नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलसा उभा केला, तेव्हा त्यातील गण-गवळण आणि स्त्रीचा बाजार टाकून दिला, पण ढोलकी आणि सवाल-जवाब टाकले नाहीत. शेजारच्या सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव गात हिंडले ते याच वाटेने. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढले; सरकारने तमाशावर बंदी घातली तेव्हा अण्णाभाऊंनी त्याला 'लोकनाट्य' म्हटले आणि काम चालू ठेवले. सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापटांचे शब्द गावोगाव नेले आणि निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे कलावंत घडविले. यांपैकी कोणीही आधी शुद्ध साधन शोधत बसला नाही. लोकांच्या ओठांवर जे होते ते घेतले, त्यातील कुजका भाग कापला आणि त्यात आशय भरला. कापण्याचा हा अधिकार त्यांना मिळाला, कारण ते फडाच्या आत उभे होते. कट्ट्यावर बसून नाके मुरडत नव्हते.

शिवाय ही कला आता इंग्रजीत अडकून राहिलेली नाही. मुंबईच्या 'स्वदेसी' या गटाने २०१९ मध्ये आरे वसाहतीतील आदिवासींचे कलावंत प्रकाश भोईर यांच्यासह 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे केले. त्यात मराठी रॅप आहे आणि जंगलावरील हक्काचा प्रश्न आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे रातोरात तोडण्यात आली. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे यांनी सत्तांतरातील पैशांच्या चर्चेवर आणि उमेश खाडे यांनी जनतेच्या लुबाडणुकीवर मराठी रॅप केले, तेव्हा दोघांवरही पोलिसांत गुन्हे नोंदविले गेले. हे गाणे पोकळ बडबड आहे असे आपले कार्यकर्ते म्हणत असताना सत्तेला मात्र त्यातील शब्द नीट ऐकू आले होते. दुसरीकडे, याच काळात 'गली बॉय' चित्रपटाने २०१९ मध्ये धारावीच्या गल्लीतील रॅप मोठ्या पडद्यावर नेले. कंपन्या आल्या, करार आले, जाहिराती आल्या. न्यूयॉर्कमध्ये १९७९ ते १९८६ या सात वर्षांत जे घडले ते आपल्याकडे आता घडत आहे. एका बाजूने पोलीस आणि दुसऱ्या बाजूने बाजार, अशा चिमट्यात हा तरुण कवी सापडला आहे. त्या वेळी आपण कोठे असणार, एवढाच प्रश्न आहे.

आपण काय करावे

कामे मोठी नाहीत, परंतु ती नेमाने केली पाहिजेत. पहिले म्हणजे जागा. तालुक्याच्या ठिकाणी पक्षाची, युनियनची वा वाचनालयाची जी खोली संध्याकाळी कुलूप लावून पडलेली असते, ती आठवड्यातून दोन दिवस या मुलांना उघडून द्यावी. १ मे आणि १४ एप्रिलच्या कार्यक्रमात भाषणांनंतर उरलेला वेळ नव्हे, तर ठरलेला वेळ त्यांना द्यावा. आणि त्याच मंचावर जुन्या शाहिराला बसवावे. ढोलकी आणि हा नवा ताल एकमेकांना ऐकू येऊ द्यावेत. मुलींनाही तेथे निर्धास्तपणे उभे राहता यावे, ही जबाबदारी कार्यकर्त्यांची. १९७३ चा मेळावा एका मुलीने भरविला होता.

दुसरे म्हणजे मानधन आणि नाव. चळवळीतील कलावंताने फुकट गावे हा आपलाही एक जुना दोष आहे. कंपनी कवीचे नाव खाते म्हणून तिला नावे ठेवायची आणि आपल्या पत्रकावर कवीचे नाव छापायचेच विसरायचे, हे चालणार नाही. तिसरे, गाण्यासाठी गुन्हा दाखल झालाच तर वकील, जामीन आणि ठाण्याबाहेर उभी राहणारी माणसे. एकट्या मुलाला चौकशीस बोलावणे आणि पन्नास माणसांसह आलेल्या मुलाला बोलावणे यांतील फरक पोलिसांना चांगला समजतो.

चौथी गोष्ट करायची नाही अशी आहे. निवडणूक जवळ आली की या मुलांना बोलावून उमेदवाराच्या नावाची यमके जुळवून घ्यायची, हा मोह आपल्यालाही होईल. बूट कंपनीने जे केले तेच आपण कमी पैशांत केल्यासारखे ते होईल. त्यांच्या गाण्यात आपल्यावरही टीका येईल. ती ऐकण्याची तयारी नसेल तर खोलीचे कुलूप काढूच नये.

इगतपुरीच्या माणसाला हे अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही. कसाऱ्याहून निघालेली गाडी सदतिसास एक असा चढ एकट्याने चढू शकत नाही. तिला मागून बँकर इंजिन लावावे लागते. ते रेटा देते, घाट चढवून आणते आणि इगतपुरीला सुटते. गाडी कोठे जायची हे ते ठरवीत नाही आणि तिच्या पाटीवर त्याचे नाव नसते. तरुणांच्या या गाण्याला आज चळवळीकडून एवढ्याच बळाची अपेक्षा आहे. ते आपण दिले नाही, तर कंपन्या पुढून ओढायला तयारच उभ्या आहेत; आणि त्या गाडीने घाटाखालच्या माणसांसाठी थांबावे, असा आग्रह त्या कधीच धरणार नाहीत.